वसईच्या किल्ल्याचा आवाज गेला कुठे? (घंटा, घुमट आणि तांबट)

गिरगावचा_गांधार (धागाकर्ता)

वसईच्या किल्ल्यावर इथे धाग्यांना तोटा नाही. तह, बुरूज, चिमाजीअप्पा, प्री-वेडिंगवाल्यांचे ड्रोन, सगळं चघळून झालंय. पण किल्ला ऐकायला कसा होता यावर कुणी लिहिलेलं दिसलं नाही. मी गाण्यातला माणूस, त्यामुळे पडक्या मनोऱ्याखाली उभा राहिलो की डोळ्यांआधी कान टवकारतात.

१५३४ च्या तहात गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि पुढची दोनशे वर्षं ते त्यांच्या उत्तरेकडच्या मुलखाचं मुख्य ठाणं होतं. तटाच्या आत अख्खं शहर. जेझुइट, फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन, प्रत्येकाचं स्वतःचं चर्च, शिवाय सेंट जोसेफचं मुख्य चर्च, ज्याचा मनोरा आजही लांबून दिसतो. एवढी चर्चं म्हणजे घंटाही तेवढ्याच, किंबहुना जास्त. पहाटे, दुपारी, संध्याकाळी आंजेलसचे (मेरीच्या प्रार्थनेचे) टोले: तीन, तीन, तीन आणि मग सलग नऊ. मयताचे टोल वेगळे, सणाचे वेगळे. खाडीत होडी घालणाऱ्याला आणि मिठागरात राबणाऱ्याला, त्याचा धर्म कुठलाही असो, वेळ कळायची ती याच आवाजाने.

मे १७३९ मध्ये सान सेबास्तियाव बुरुजाखाली मराठ्यांचे सुरुंग उडाले आणि किल्ला पडला. शरणागतीच्या अटींमध्ये एक कलम मला फार आवडतं: शिबंदीने हत्यारं हातात घेऊन, निशाणं फडकवत आणि ढोल वाजवत शहराबाहेर पडायचं. अप्पांनी ते मान्य केलं. हरलेल्या फौजेला वाजत जायला मिळणं ही तेव्हाच्या युद्धनीतीत मोठी इभ्रतीची गोष्ट.

ढोल गेले, घंटा मात्र राहिल्या. त्या उतरवून विजयाची खूण म्हणून घाटावर नेल्या गेल्या. मेणवलीला कृष्णाकाठी नाना फडणवीसांच्या घाटावर एक आहे, १७०७ सालची, मेरी आणि बाळ येशू कोरलेली. भीमाशंकरला एक आहे. नाशिकला गोदाकाठच्या नारोशंकराच्या देवळातली तर प्रसिद्धच.

आता माझा खरा मुद्दा. युरोपीय घडणीची घंटा आपल्या देवळातल्या नेहमीच्या घंटेसारखी बोलत नाही. तिचा काठ जाड आणि बाहेर फाकलेला असतो, लोलक नेमका त्या जाड भागावर बसतो. वाजवल्याबरोबर जो सूर ओळखू येतो त्याला सा म्हणा. त्याच्या खालच्या सप्तकात एक गुंजणारा खर्ज असतो, वर पंचम असतो, तार षड्ज असतो आणि या सगळ्यांत डोकावतो तो गांधार. कोमल गांधार! तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटतो तो शुद्ध गांधार, सा च्या ५/४ पट कंपनांचा. घंटेच्या आकारातून निघतो तो ६/५ च्या आसपासचा. म्हणून चर्चची घंटा आनंदाच्या दिवशी वाजली तरी तिच्यात एक हुरहूर असते. लग्नाचे टोलसुद्धा मला जरा उदास वाटतात ते यामुळेच असावं.

आणि हा कोमल गांधार गेली पावणेतीनशे वर्षं महादेवाच्या देवळात वाजतो आहे. कुणी ऐकलाय का मुद्दाम लक्ष देऊन?

---

लोकल_बारा_डबा

वाचनखूण साठवली. ऑफिसात आहे, रात्री नीट वाचतो.

---

शंकासुर

लेख छान, पण "वसईच्या किल्ल्यातून" हे इतक्या ठामपणे म्हणू नये. मोहीम १७३७ मध्ये ठाणे-साष्टीपासून सुरू झाली. साष्टी बेटातली चर्चं, मग केळवे-माहीम, तारापूर, सगळीकडे पोर्तुगीज ठाणी होती आणि सगळीकडे घंटा होत्या. चौल-रेवदंडा तर १७४० मध्ये हाती आलं. क्रूस कोरलेली प्रत्येक घंटा वसईची म्हणायची पद्धत पडून गेलीय, कारण वसईचं नाव मोठं.

मेणवलीचंच घ्या. नाना फडणवीस जन्मले १७४२ मध्ये. म्हणजे वसई पडली तेव्हा ते या जगात नव्हते. घंटेवर १७०७ आहे, देऊळ नानांच्या काळातलं. मधली चाळीसेक वर्षं ती घंटा कुठे होती? कोठारात? दुसऱ्या देवळात? नारोशंकराचं देऊळ १७४७ चं, तिथे निदान अंतर आठ वर्षांचं आहे, ते पटतं.

---

गिरगावचा_गांधार

@शंकासुर, उत्तर कोकणातल्या पोर्तुगीज मुलखातून आलेल्या, असं म्हणूया. माझा मुद्दा सुराचा आहे, त्याला तारापूरची घंटाही चालेल. :)

पण कोठाराच्या प्रश्नात एक गंमत आहे. घंटेचं कांसं म्हणजे साधारण ७८ टक्के तांबं आणि २२ टक्के कथील. तोफेच्या धातूत तांबं जास्त आणि कथील कमी, पण मूळ माल तोच. तांबं घालून पातळ केलं की घंटांच्या तोफा होतात, युरोपात लढायांच्या काळात सर्रास व्हायच्या. तोफांची गरज कायम असलेल्या सत्तेच्या हातात एवढं कांसं आलं आणि निदान एवढ्या घंटा तरी न वितळवता देवाला वाहिल्या गेल्या, हे मला नुसत्या "विजयचिन्ह" या शब्दापेक्षा मोठं वाटतं.

---

पाचूबंदरची_पोर

माहेर किल्ल्याच्या अगदी दाराशी, सासर मालाडला. धागा बघून राहवलं नाही.

एक तर किल्ला मुका झालाय असं जे तुम्ही लोक लिहिता ते शनिवार-रविवार येऊन लिहिता. आत गोन्सालो गार्सियांचं चर्च आहे, तिथे सण होतो, गाणी होतात. ते वसईतच जन्मले, १५९७ मध्ये जपानात नागासाकीला त्यांना क्रुसावर मारलं, आणि १८६२ मध्ये संतपद मिळालं. सणाच्या दिवशी या, मग बोला. नागेश्वराच्या देवळातही घंटा वाजतेच की.

दुसरं म्हणजे घंटांवर एवढं लिहिलं, आणि घुमट? आमच्याकडे, उत्तन-गोराई-मनोरीकडे आणि मुंबईतल्या ईस्ट इंडियन (इथल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांच्या) गावठाणांत लग्नाच्या आदल्या रात्री उंबराचं पाणी आणायला विहिरीवर जातात, तेव्हा पुढे घुमट लागतो. मातीचं मडकं, दोन तोंडांचं. मोठ्या तोंडावर कातडं ताणलेलं, लहान तोंड उघडं. उजव्या हाताने वाजवायचं आणि डाव्या पंज्याने लहान तोंड झाकत-उघडत राहायचं, त्याने आवाज आत ओढला जातो किंवा बाहेर येतो. तबल्याच्या बायासारखं थोडंफार, पण बायाला मागचं तोंड नसतं!

आजोबांच्या घुमटाला घोरपडीचं कातडं होतं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपड मारायला बंदी आली, ते बरंच झालं. आता बकरीचं लावतात. आवाजात फरक पडतो, खोटं कशाला बोलू. घोरपडीचं कातडं पातळ आणि ताठ, टणकन वाजायचं. बकरीचं जाड, आवाज बसका, आणि हवेत दमटपणा असला की आणखी ढिलं पडतं, मग शेकत बसा. माझे काका म्हणतात, आता घुमट वाजवण्यापेक्षा शेकण्यातच रात्र जाते.

आणि त्या घोरपडी कुठे आहेत माहितीये? किल्ल्यात. दुपारी तटावर ऊन खात पडलेल्या असतात. पोरं दगड मारतात, मी ओरडते.

---

लोकल_बारा_डबा

रात्री वाचलं. घोरपडीचा परिच्छेद बायकोला मोठ्याने वाचून दाखवला. पाचूबंदरताई, वेगळा धागा काढा ना घुमटावर.

---

कांदिवली_कट्टा

कोल्डप्ले बँडचा २०१६ चा होळीवाला व्हिडिओ कुणीच काढला नाही? वसई किल्ला जगभर पोचवला त्यांनी!

---

शंकासुर

जगभर पोचली ती रंगीत धूळ आणि मोर.

---

कांदिवली_कट्टा

तरी पोचली ना. तुमच्या ५/४ आणि ६/५ पेक्षा जास्त लोकांपर्यंत. माझा पुतण्या तो व्हिडिओ बघून पहिल्यांदा वसईला गेला आणि येताना चिमाजीअप्पांच्या स्मारकासमोर उभा राहून मला फोन केला की काका हे कोण. मला चालतं.

---

पाखरवेडा_दहिसर

धाग्याच्या नावात तांबट आहे आणि मजकुरात नाही! भरपाई मी करतो.

वसईच्या किल्ल्यात सकाळी शिरलात तर फेब्रुवारीपासून उन्हाळाभर जो टुक-टुक-टुक-टुक आवाज एका लयीत ऐकू येतो तो तांबट. पक्षी चिमणीहून थोडा मोठा, हिरवा, कपाळ लाल. बसतो उंच शेंड्यावर, दिसत नाही, आवाजाची दिशाही लागत नाही कारण वाजवताना मान इकडे-तिकडे फिरवतो. ऊन वाढेल तशी त्याची मेट्रोनोमगिरी वाढते. गांधारभाऊ, तुमच्या विद्यार्थ्यांना विलंबित लय दाखवायला नाही उपयोगी, द्रुतला चालेल.

आता वाईट बातमी. हाच तांबट, कोकीळ, बुलबुल, ही सगळी मंडळी वड-पिंपळ-उंबराची फळं खातात आणि बिया भिंतीच्या फटीत टाकतात. किल्ल्याच्या कमानींवर जे वड-पिंपळ लोंबताना तुम्ही फोटोत "वाह" म्हणून टाकता ते असे आलेले. मूळ चुन्याच्या सांध्यात शिरतं, जाड होतं, दगड ढकलतं. किल्ल्यातले सगळ्यात गोड गाणारेच किल्ला पाडतायत, आणि तोफांपेक्षा चिकाटीने. झाड कापलं तरी मूळ आत राहतं, पुन्हा फुटतं. पुरातत्त्व खात्याचं हे रडगाणं देशभर एकच आहे.

ताडाखाली उभे राहिलात तर वर बघा. ताडपाकोळ्या असतात, बारीक चिरकत गोल-गोल फिरणाऱ्या. ताडाच्या वाळक्या पानालाच आतून थुंकीने घरटं चिकटवतात. म्हणून वाळकी झापं "साफसफाई" म्हणून उतरवली की त्यांचा संसार गेला. पहाटेचा खरा गवई दयाळ: काळा-पांढरा, शेपूट उभी, मनोऱ्याच्या टोकावर बसून उन्हाळ्यात तासभर गातो, आणि मधे मधे दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला. पावसाच्या तोंडावर पावशा येतो, त्याची पट्टी चढत चढत जाते आणि मग अचानक तुटते. अंधार पडला की पिंगळ्यांची भांडणं. खाडीकडच्या तिवरांतून कोल्हेकुई ऐकल्याचं गाववाले सांगतात, उत्तर कोकणच्या खारफुटीत सोनेरी कोल्हा आहेच.

---

मालाडमामी

पावशाचं अगदी! माझी आई म्हणायची तो "पेरते व्हा" सांगतो. आता पेरायचं काय, बाल्कनीत तुळस.

---

नादब्रह्म_नव्हे_इंजिनिअर

ध्वनीचं काम करतो (सभागृहांचं), म्हणून दोन पैसे माझेही.

दगडी चर्चमध्ये छप्पर असतं तेव्हा आवाज भिंती-छपरांमध्ये फिरत राहतो, मोठ्या चर्चमध्ये एक सूर विरायला काही सेकंद लागतात. तिथे जलद बोललेलं कळत नाही, म्हणूनच संथ, लांब सुरांचं, समूहाने गायचं संगीत तिथे शोभतं. छप्पर गेलं की सगळं वर निघून जातं. आज वसईच्या चर्चमध्ये मधोमध उभे राहून टाळी वाजवा: कोरडी. बाजूच्या भिंतींवरून एखादा उडता पडसाद येईल, बस. पण काही चर्चमध्ये वेदीवरची दगडी कमानदार छत शाबूत आहे. तिथे जाऊन हळू आवाजात सा लावा. एकदम अंगावर येतो. त्या दोन जागांमधलं अंतर आहे पंचवीस-तीस पावलांचं. छप्पर काय करतं हे शिकवायला याहून चांगला वर्ग मी पाहिलेला नाही, माझ्या कॉलेजात तर नाहीच.

---

रायगडवारी

रायगडावर उलट. तिथे राजदरबाराला छप्पर नाही, तरी सिंहासनाच्या जागेवर बोललेलं नगारखान्याच्या दारापर्यंत ऐकू जातं. दरवर्षी नवी पोरं तो प्रयोग करतात आणि गाइड दरवर्षी तितक्याच कौतुकाने करून दाखवतो. तिथे नगारा सत्तेचा आवाज होता. वसईत मराठ्यांनी नगारखाना बांधला का?

---

गिरगावचा_गांधार

@रायगडवारी, वसईच्या आतल्या नौबतीचं माहीत नाही म्हणून बोलत नाही, पण वसईच्या विजयाशी थेट जोडलेला एक नगारखाना आहे, तो वज्रेश्वरीला. मोहिमेत अप्पांनी देवीला नवस केला होता, वसई मिळाल्यावर देऊळ बांधलं गेलं, किल्ल्यासारखं तटबंदीचं. प्रवेशाचा नगारखाना नंतर बडोद्याच्या गायकवाडांनी बांधला. म्हणजे बघा, घंटा घाटावर गेल्या आणि चौघडा वज्रेश्वरीला बसला.

@नादब्रह्म, हे वेदीच्या छताखालचं पुढच्या वेळी करून बघणार. कोमल गांधारच लावीन.

---

अंधेरीनगरी

हिंदी सिनेमाला व्हायोलिनवाले, अरेंजर वसईनेच दिले ना? अँथनी गोन्साल्विस वगैरे?

---

शंकासुर

नाही. अँथनी गोन्साल्विस गोव्यातल्या माजोर्ड्याचे. तिथल्या चर्चच्या शाळांत पोरांना सूरलिपी आणि व्हायोलिन शिकवायची जुनी पद्धत, त्यातून ती फळी मुंबईच्या स्टुडिओंत आली. वसईचं बलस्थान लग्नाचा बँड, गावोगावची गाणी आणि चर्चचे गायनसमूह. प्रत्येक पोर्तुगीज आडनाव गोव्याचं नसतं आणि प्रत्येक गोन्साल्विस वसईचा नसतो.

---

पाचूबंदरची_पोर

शंकासुरांशी चक्क सहमत. आणि बँडबद्दल धन्यवाद. सामवेदी, वाडवळ, कोळी, ईस्ट इंडियन, प्रत्येकाची बोली वेगळी, लग्नगीतं वेगळी. आजीच्या पिढीला शंभर-शंभर ओव्या पाठ, वहीत एक नाही. माझ्या पिढीला दोन कडवी आणि मग "ला ला ला". कुणाला रेकॉर्डिंग करायचं असेल तर घाई करा.

---

इतिहासाचा_वाटाड्या

एक नाजूक विषय. घंटा परत द्याव्यात असं कुणाला वाटतं का? लुटीचा माल परत करायची चर्चा जगभर चालू आहे.

---

पाचूबंदरची_पोर

आमच्या घरी यावर एकदा जेवताना वाद झाला. भाऊ म्हणाला परत पाहिजे. बाबा म्हणाले, आणून टांगणार कुठे, पडक्या मनोऱ्यात? इथे आणली तर काचेच्या पेटीत जाईल, तिथे निदान रोज वाजतेय, लोक हात जोडतायत. मी बाबांच्या बाजूची. पण देवळाबाहेर एक पाटी हवी, ही कुठली, कधीची. येणाऱ्यांपैकी कितीतरी जण मेरीला अंबाबाई समजून नमस्कार करतात, त्यालाही माझी काही हरकत नाही.

---

कांदिवली_कट्टा

वांद्र्याच्या किल्ल्याजवळ अ‍ॅम्फीथिएटर आहे, तिथे मस्त कार्यक्रम होतात. वसईत का नाही करत? पूर्ण चंद्र, मनोरा, सतार...

---

पाखरवेडा_दहिसर

सतार ठीक, पण तिच्यामागून येणारे स्पीकरचे मनोरे आणि जनरेटर? घुबडं आणि वटवाघळं त्या मनोऱ्यांत राहतात. वटवाघूळ तर ऐकूनच जगतं. आत्ताच शूटिंगवाल्यांच्या दणदणाटाने जीव मेटाकुटीला येतो. बिनमाइकची बैठक असेल तर सतरंजी उचलायला मी येतो.

---

नादब्रह्म_नव्हे_इंजिनिअर

वेदीच्या छताखाली वीसेक माणसं, माइक नको. तंबोरा आणि गळा. पुरातत्त्व खात्याची परवानगी मात्र लागेल, संरक्षित स्मारक आहे. आणि लोकांनी ऐकायला आत बसावं, बाहेर चांदण्यात बसलेल्याला काही ऐकू येणार नाही.

---

लोकल_बारा_डबा

जायचं कसं ते कुणीतरी सांगा, गाडी नाही माझ्याकडे.

---

पाचूबंदरची_पोर

विरार लोकलने वसई रोड, पश्चिमेला उतरून किल्लाबंदरची बस किंवा रिक्षा. नाहीतर भाईंदरहून रो-रो बोट, ती किल्ल्याजवळच लागते. तांबट ऐकायचा असेल तर फेब्रुवारी-मार्चची सकाळ, दहाच्या आत. दर्या दरवाज्याकडून सुरुवात करा, तिथे गर्दी कमी. पावसाळ्यात मनोऱ्याच्या जिन्यात जाऊ नका, शेवाळं असतं आणि अंधारात पायरी कळत नाही. पाणी बरोबर ठेवा, आणि घोरपड दिसली तर बघून पुढे जा.

---

वाईकर_पण_ठाण्यात

मेणवली माझ्या गावाजवळ. ज्यांना गांधार तपासायचा असेल त्यांच्यासाठी: सकाळी लवकर जा, नंतर सहली येतात आणि प्रत्येक पोर लोलक ओढतं. तिथल्या माणसांना आधी विचारा, नाही म्हणत नाहीत. लोलक जोरात आपटू नका, कांसं ठिसूळ असतं, तडा गेला तर भरून येत नाही. एकदाच, बेताने, आणि मग शेवटचा खर्ज विरेपर्यंत काठाला हात लावू नका. मोबाइलवर तंबोऱ्याचं अ‍ॅप लावणार असाल तर आधी घंटेचा सूर ऐकून पट्टी जुळवा, उलट करू नका, घंटा तुमच्या काळी एकसाठी थांबलेली नाही. रेकॉर्डिंग करताना फोन अगदी खाली धरू नका, आवाज फाटतो. घाटाच्या दोन-तीन पायऱ्या उतरून उभे राहा.